‘गिव्ह अप’, होडीतली वल्ही आणि बसकण मारलेला बैल



गेलं दीड वर्ष दर रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास माझ्या फोनवर आइसलँडहून गृहपाठ येतो. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. पाठवणारी माझी दहा वर्षांची भाची. माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि ही, असे तिघं रेक्याविकला राहतात. मी इकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. डी.एड. झाल्यापासून गृहपाठाशी माझा संबंध लाल पेनापुरताच राहिलेला, पण हा गृहपाठ मात्र मी भाचीबरोबर बसून सोडवते. त्यासाठी आइसलँड विद्यापीठाचा इंटरनेटवरचा मोफत अभ्यासक्रमही रात्री थोडा थोडा करते. घरचे हसतात. हसू देत.

याची सुरुवात बहिणीच्या एका प्रश्नाने झाली. "ताई, घरात मराठी बोलणं बंद करू का गं?" तिच्या ओळखीच्या एका बाईंनी तिला सांगितलं होतं की मुलीच्या डोक्यात तीन तीन भाषांचा गोंधळ होतोय, शाळेतली आइसलँडिक कच्ची राहतेय, तेव्हा निदान घरची एक भाषा तरी कमी करा. इंग्रजी तर कमी करता येत नाही, कारण कार्टूनपासून खेळांपर्यंत सगळं इंग्रजीत. शाळेची आइसलँडिक कमी करता येत नाही. मग उरली कोण? मराठी. भाचीनेही तोवर घरात इंग्रजीतून उत्तरं द्यायला सुरुवात केली होती. आमची आई फोनवर विचारायची, "जेवलीस का बाळा?" आणि तिकडून उत्तर यायचं, "येस आज्जी, आय एम फाइन." आईला इंग्रजी येत नाही. ती नुसती हसायची आणि फोन माझ्याकडे द्यायची.

हा प्रश्न रेक्याविकचा असला तरी आपल्यातल्या कितीतरी पालकांच्या ओळखीचा आहे. मी बहिणीला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हटलं, तीन महिने थांब, मला तिचा भाषेचा गृहपाठ पाठव, मग बोलू.

पहिला गृहपाठ आला तो इंग्रजी फ्रेजल व्हर्बचा. म्हणजे ‘गिव्ह अप’, ‘गेट अप’, ‘लुक आफ्टर’, ‘रन आउट ऑफ’ असली जोडक्रियापदं. साधं क्रियापद, त्याच्या मागे एक इवलासा शब्द, आणि अर्थ भलताच. आपल्या मुलांना गाइडमध्ये यांची यादी असते आणि ती पाठ करायची असते. तिकडच्या कागदावर दहा इंग्रजी वाक्यं होती आणि प्रत्येकासमोर आइसलँडिक वाक्य लिहायचं होतं. वर सूचना होती, शब्दांचं नको, अर्थाचं भाषांतर करा. (आइसलँडिक उच्चार मी इथे देवनागरीत जमतील तसे लिहिते आहे. त्यांची सगळी अक्षरं आपल्या लिपीत नेमकी बसत नाहीत.)

पहिलं वाक्य ‘आय गिव्ह अप’. भाचीने झटकन लिहिलं, ‘येग गेव्स्त उप्प’. बरोबर होतं. मूळ क्रियापद ‘गेवास्त उप्प’. ‘गेवा’ म्हणजे देणे, ‘उप्प’ म्हणजे वर. इंग्रजीचा ‘गिव्ह’ आणि ‘अप’ जसेच्या तसे. ‘राइट डाउन’ला ‘स्क्रिवा निदुर’, तेही शब्दाला शब्द. ‘लुक आफ्टर’ला ‘लीता एफ्तिर’, ‘लीता’ म्हणजे बघणे, ‘एफ्तिर’ म्हणजे मागे किंवा नंतर. पोरीला वाटलं, हे तर एकदम सोप्पं.

आणि तसं वाटायला कारण आहे. या दोन भाषा एकमेकींच्या चुलत बहिणी. शिवाय हजारेक वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेले नॉर्स बोलणारे लोक इंग्लंडमध्ये वस्ती करून राहिले आणि ‘टेक’, ‘गेट’, ‘कॉल’, ‘दे’ असे रोजच्या वापरातले शब्द इंग्रजीला देऊन गेले. ‘विंडो’ हा शब्दही त्यांचाच, मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. गंमत म्हणजे आइसलँडच्या लोकांनी स्वतः तो टाकून दिला. ते आज खिडकीला ‘ग्लुग्गी’ म्हणतात आणि त्यांचा जुना शब्द इंग्रज वापरतात. मला तेव्हा आपलं गवाक्ष आठवलं. गो म्हणजे गाय-बैल, अक्ष म्हणजे डोळा. कोणाला खिडकीत वाऱ्याचा डोळा दिसला, कोणाला बैलाचा.

पण चुलत बहिणी म्हणून स्वभाव एक नसतो. दुसरं वाक्य होतं ‘आय गेट अप ॲट सेव्हन’. तिने पहिल्याच्या चालीवर लिहिलं, ‘येग गेत उप्प’. आइसलँडिकमध्ये ‘गेता’चा आजचा अर्थ ‘शकणे’. म्हणजे वाक्य झालं, मी सात वाजता वर शकते. उठण्यासाठी ते म्हणतात ‘फारा आउ फायतुर’, अर्थ पायांवर जाणे. ‘पुट ऑफ’, म्हणजे काम पुढे ढकलणे, याला तर मागेपुढे काही न लावता एकच शब्द आहे, ‘फ्रेस्ता’. आणि ‘गिव्ह अप’सुद्धा सगळीकडे ‘गेवास्त उप्प’ होत नाही. सिगारेट गिव्ह अप करायची असेल तर ‘हाइत्ता’, म्हणजे थांबणे. मराठीतही बघा, व्यसन आपण ‘सोडतो’, पण गणितापुढे ‘हात टेकतो’. गाइडमध्ये मात्र ‘गिव्ह अप’समोर एकच अर्थ छापलेला असतो, सोडून देणे.

चौथं की पाचवं वाक्य होतं, ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. इथे पोर अडली. रन म्हणजे धावणे, आउट म्हणजे बाहेर, दुधातून धावत बाहेर कोण जाईल? तिने आइसलँडिकमध्ये धावणे, बाहेर, दूध असे तीन शब्द शोधून ठेवले होते आणि त्यांची मोळी काही बांधता येत नव्हती. मी तिला म्हटलं, ते इंग्रजी जरा बाजूला ठेव. सकाळी आई फ्रिज उघडते, पिशवी रिकामी असते, तेव्हा आई काय म्हणते?

"दूध संपलं."

मग आता हे आइसलँडिकमध्ये सांग.

"म्योल्किन एर बूइन." दूध संपलं आहे. झालं वाक्य. वर्गातली मुलं नेमकं हेच बोलतात, हे तिचं तिलाच आठवलं. इंग्रजीत आपण दुधाबाहेर धावतो, कर्ता आपण. मराठीत आणि आइसलँडिकमध्ये कर्ता दूध. ते बिचारं आपलं आपण संपतं, आपला काही दोष नाही!

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की हा कागद दोन भाषांचा नाही, तीन भाषांचा आहे. इंग्रजीतून आइसलँडिकमध्ये जाताना हिची वाट अडते तिथे मराठीतून एक पाऊलवाट निघते. प्रत्येक वेळी निघते असं नाही. पण कुठे निघते आणि कुठे नाही, हे शोधण्यात पुढचे कितीतरी रविवार गेले आणि मला स्वतःला इतकी मजा क्वचितच आली असेल.

सगळ्यात मोठी पाऊलवाट विभक्तीची निघाली. आइसलँडिकमध्ये चार विभक्ती आहेत आणि नामाची रूपं बदलतात. तिकडची मुलं घोड्यावरून त्या म्हणतात: ‘ह्येर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ती, तिल हेस्त्स’. इथे घोडा आहे, घोड्याविषयी, घोड्यापासून, घोड्याकडे. आपण ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ म्हणत मान डोलवायचो ना, अगदी तसंच. फक्त आपल्याकडे बहुधा राम असायचा, त्यांच्याकडे घोडा. ‘घोडा’चं ‘घोड्या-’ झाल्याशिवाय त्याला ‘ला’ चिकटत नाही हे मराठी मुलाला कोणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे नाम बदलतं म्हणजे काय, हा पहिला धक्का भाचीला बसलाच नाही.

आता ‘कम अप विथ’ घ्या. ‘आय केम अप विथ ॲन आयडिया’. शब्दशः पाहिलं तर मी कल्पना घेऊन वर आले, जणू विहिरीतून. आइसलँडिकमध्ये म्हणतात ‘म्येर दात्त ई हुग’. ‘म्येर’ म्हणजे मला, ‘दात्त’ म्हणजे पडलं, ‘ई हुग’ म्हणजे मनात. मला मनात पडलं. मला सुचलं! इंग्रजीतला ‘मी’ जाऊन तिथे ‘मला’ आला. आणि हे एकटंदुकटं नाही. थंडी वाजते तेव्हा ते म्हणतात ‘म्येर एर काल्त’, मला गार आहे. एखाद्या गोष्टीबद्दल मत सांगायचं तर ‘म्येर फिन्स्त’, मला वाटतं. स्वप्न पडलं तर ‘मिग द्रेइम्दी’, त्यातही ‘मला’च. इंग्रज म्हणतो आय फील, आय थिंक, आय ड्रीम, जणू सगळं तोच करतो. आपल्याला आणि आइसलँडच्या माणसाला मात्र थंडी वाजते, वाटतं, सुचतं, स्वप्न पडतं. या गोष्टी आपल्यापर्यंत चालत येतात.

बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती गप्पच झाली. म्हणाली, "अगं, मी चार वर्षं हे पाठ करतेय, आणि माझ्या हे लक्षातच आलं नाही, कारण मी सगळं इंग्रजीतून शिकले."

पण पुढची गोष्ट सांगितली नाही तर हे सगळं फार गोड होईल. मराठी नेहमी मदतच करते असं नाही. आपल्याकडे द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय सारखेच. तू मला मार, तू मला पुस्तक दे, दोन्हीकडे ‘मला’. आइसलँडिकमध्ये मात्र दोन वेगळे ‘मला’ आहेत, ‘मिग’ आणि ‘म्येर’, आणि कुठल्या क्रियापदाला कुठला हे लक्षात ठेवावंच लागतं. एखाद्या गोष्टीची इच्छा आहे असं म्हणायचं तर ‘मिग लाउंगार’. तिथे ‘म्येर लाउंगार’ म्हटलं की शिक्षक लगेच टोकतात.

आणि ‘लुक फॉरवर्ड टू’ने तर दगाच दिला. ‘सहलीची वाट बघतेय, कधी एकदा जाते असं झालंय’ या अर्थाचं आइसलँडिक क्रियापद ‘ह्लाक्का तिल’. भाचीने मराठीतून विचार केला. मला उत्सुकता आहे, मला आनंद होतोय, म्हणजे ‘मला’ हवाच. तिने लिहिलं, ‘म्येर ह्लाक्कार तिल’. आणि नेमकं याच क्रियापदाला शाळेच्या व्याकरणात ‘मला’ चालत नाही, ‘मी’ लागतो: ‘येग ह्लाक्का तिल’. कागदावर लाल खूण आली, पण शेजारी हसरा चेहराही होता. कारण ही चूक परदेशातून आलेल्या मुलांचीच नाही, तिथे जन्मलेली मुलं तीच करतात, मोठी माणसंही करतात. जिथे नको तिथे ‘म्येर’ लावण्याच्या या सवयीला त्यांच्याकडे चक्क एक नाव आहे, ज्याचा शब्दशः अर्थ होतो ‘चतुर्थीचा आजार’. आपल्याकडे चतुर्थीचा उपवास असतो, तिकडे आजार! भाचीच्या बाई तिला म्हणाल्या म्हणे, आता तू खरी इथली झालीस. (तिकडे शिक्षकांना मुलं सरळ नावाने हाक मारतात, बाई किंवा सर काही नाही. आमच्या आईला हे कळल्यावर तिने दोन दिवस तोच विषय धरला होता.)

माझा आवडता शब्द मात्र ‘टर्न ऑन’चा. दिवा, टीव्ही, संगणक चालू करायला इंग्रजीत ‘टर्न’ म्हणजे फिरवणे. आइसलँडिकमध्ये ‘क्वेइक्या आउ’. ‘क्वेइक्या’ म्हणजे पेटवणे, ज्योत लावणे. बंद करायला ‘स्लोक्क्वा आउ’, म्हणजे विझवणे. तेलाच्या दिव्याचे दिवस गेले, पण क्रियापद राहिलं, आणि आता ते लोक संगणकसुद्धा ‘पेटवतात’ नि ‘विझवतात’. संगणकाला त्यांनी इंग्रजी शब्द घेतलाच नाही. ‘ताला’ म्हणजे संख्या आणि ‘वोल्वा’ म्हणजे भविष्य सांगणारी बाई, या दोन जुन्या शब्दांतून सिगुर्दुर नोर्दाल नावाच्या विद्वानाने ‘तोल्वा’ हा शब्द घडवला आणि तो आज घराघरांत आहे. तर दिव्याकडे परत येऊ. आपण काय म्हणतो? लाइट लाव, टीव्ही लाव, पंखा लाव, गाणी लाव. ‘लाव’ हा शब्द सांजवातीचाच ना! दिवेलागण गेली, पण बटणावर अजून आपण दिवाच लावतो. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग बंद करताना आपण ‘मालव’ का नाही म्हणत?" माझी आजी म्हणायची. आता ‘बंद कर’वर येऊन थांबलोय.

हळूहळू गृहपाठात म्हणी आणि वाक्प्रचार येऊ लागले आणि फोन तासभर चालायला लागला. इथे मी एक नियम केला. प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचाराला आधी मराठी जोडीदार शोधायचा, मग आइसलँडिक, आणि मग तिन्हींची चित्रं वहीत काढायची. चित्रं काढली की पोरांना आपोआप कळतं की शब्द घेऊन पलीकडे जाता येत नाही.

‘केकवरचं आयसिंग’ म्हणजे आधीच चांगलं त्यात आणखी चांगलं. आपली दुधात साखर. आइसलँडमध्ये ‘सॉसेजच्या टोकातला मनुका’! ‘गेट ऑन विथ इट’, म्हणजे चला, आटपा, काम पुढे न्या, याला म्हणतात ‘आउफ्राम मेद स्म्योरिद’, लोणी पुढे चालू द्या. आमच्या शाकाहारी बहिणीला लोणी पटलं, सॉसेज नाही. तिने मुलीच्या वहीत सॉसेजचं चित्र कसंबसं चालवून घेतलं.

वाईट कारागीर हत्याराला दोष देतो, अशी इंग्रजी म्हण आहे. आइसलँडची म्हण सांगते की वाईट नावाडी वल्ह्याला दोष देतो. आणि आपल्याला नाचता येत नाही, अंगण वाकडं. ‘नो पेन, नो गेन’ला ते म्हणतात, मार खाल्ल्याशिवाय कोणी बिशप होत नाही. आपलं काय? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ही जोडी सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. तिथे मार खातो तो धर्मगुरू, इथे घाव खातो तो दगड. पण मोठेपण फुकट मिळत नाही हे सांगायला दोघांनाही देवाच्या दारातलीच गोष्ट आठवली.

कानावर हात ठेवायचे असतील तर तिकडचा माणूस म्हणतो, मी डोंगरावरून उतरून येतोय. म्हणजे गावात काय झालं मला काय ठाऊक! आपण म्हणतो, मी नाही त्या गावचा. फरक इतकाच की आपल्या वाक्यात थोडी लबाडी असते, त्यांच्या डोंगरावरच्या माणसाला बहुतेक वेळा खरंच ठाऊक नसतं.

कधी कधी चित्र सारखं आणि अर्थ उलटा. त्यांच्याकडे ‘डोकं भिजत घालणे’ म्हणजे नीट विचार करणे. भाचीने हे वाचून मोठ्या विश्वासाने सांगितलं, "मावशी, हे मला माहितीये, भिजत घोंगडं!" आता घोंगडं भिजत पडलं की विचारही थांबतो आणि कामही. मी तिला आजीकडे पाठवलं. आजीने फोनवर घोंगडं म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. मेंढ्या, लोकर, पाऊस, भिजल्यावर होणारं वजन, सगळं. पोरगी म्हणाली, आमच्याकडे पण मेंढ्या आहेत. खरंच आहेत, आणि तिथे लोकरीचे स्वेटर घरोघरी विणतात. त्या दिवशी दोघी वीस मिनिटं बोलल्या. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.

एका गोष्टीवर मात्र मला थोडं रागानेच लिहायचंय. इंग्रजीत ‘ॲट द एंड ऑफ द डे’ म्हणतात, अर्थ शेवटी काय, सरतेशेवटी. आइसलँडमध्ये तरुण मुलं याचं सरळ शब्दशः भाषांतर करून ‘दिवसाच्या शेवटी’ म्हणू लागली आहेत, आणि तिथले भाषाशिक्षक त्यावर वैतागतात. कारण त्यांच्याकडे स्वतःचा झकास वाक्प्रचार आहे, ज्याचा अर्थ साधारण ‘सगळं उपडं करून बुडाशी पाहिल्यावर’ असा होतो. तसंच दुकानात निरोप देताना ‘हॅव अ गुड डे’चं भाषांतर. आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत ‘दिवसाच्या शेवटी’ ऐकलं नसेल असा कोणी आहे का? परीक्षा सकाळी अकराला आटोपते आणि तज्ज्ञ सांगतात, दिवसाच्या शेवटी गुणच महत्त्वाचे. शब्द मराठी, सांगाडा इंग्रजी. त्या देशाची लोकसंख्या चार लाखांच्याही आत, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. इतक्या थोड्या माणसांची भाषा टिकवायची तर डोळ्यांत तेल घालावं लागतं हे त्यांना कळतं. १६ नोव्हेंबरला, योनास हाट्लग्रिम्सोन या कवीच्या जन्मदिवशी, ते आइसलँडिक भाषा दिन पाळतात. आपण २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी. दोघांनीही भाषेचा दिवस कवीच्या हाती दिला. भाचीच्या घरी आता दोन्ही दिवस पाळले जातात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी असते, एवढाच फरक.

आता ‘गिव्ह अप’कडे जरा परत जाते, कारण खरा साठा तिथे निघाला. ‘गेवास्त उप्प’ हे सरळ भाषांतर झालं, पण आइसलँडिकमध्ये त्याच अर्थाचा आणखी एक वाक्प्रचार आहे, ‘लेग्या आउरार ई बाउत’. वल्ही होडीत ठेवणे. किनारा दिसत नाही, हात भरून आलेत, माणूस वल्ही उचलून आत ठेवतो. समुद्रावर जगणाऱ्या लोकांची हार अशीच दिसणार.

सोमवारी मी हे माझ्या चौथीच्या वर्गात सांगितलं. आमच्या गावाला समुद्र नाही. मी विचारलं, मग आपल्याकडे हरल्यावर कोण काय ठेवतं? फळ्यावर मुलांनी भराभर सांगायला सुरुवात केली. हात टेकले. गुडघे टेकले. माघार घेतली. विंचवाची नांगी टाकली. मागच्या बाकावरचा, एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, बैल बसकण मारतो तेच ना? मग कितीबी मारा, उठत न्हाई." वर्ग हसला. मी त्याला म्हटलं, हेच ‘गिव्ह अप’. त्याने वहीत बैल काढला आणि खाली इंग्रजीत पूर्ण वाक्य लिहिलं, ‘द बुल गेव्ह अप’. वर्षभरातलं त्याचं ते पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य. मग मी दुसरा अर्थ घेतला, बाबांनी तंबाखू गिव्ह अप केली. त्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या बाबांना तंबाखूनं गिव्ह अप नाय केलं." व्याकरण राहू द्या. तिला अर्थ पुरता कळला होता.

पहिलीपासून इंग्रजी आपल्याकडे २००० सालापासून आहे. इतक्या वर्षांत आपण फ्रेजल व्हर्बच्या याद्या पुष्कळ पाठ करून घेतल्या. माझं मत असं की चौथीत यादी नकोच. मराठीतही हे मागे चिकटणारे छोटे शब्द आहेत, फक्त ते क्रियापदांचे आहेत. लिहून घे, लिहून ठेव, लिहून टाक, लिहून दे. मुलाला या चारांतला फरक न शिकवता कळतो. ‘राइट डाउन’ सांगताना विचारा, यांतलं कुठलं? वर्गात वाद होतो, आणि वाद झाला की शब्द राहतो. ‘ईट अप’ला आमच्या वर्गाने ‘खाऊन टाक’ ठरवलंय, ‘खाऊन घे’ नाही. ‘खाऊन घे’ म्हणताना आई प्रेमाने बोलते, असा त्यांचा मुद्दा होता.

तीन महिने केव्हाच उलटले. बहिणीने मराठी बंद केली नाही. जेवणाच्या टेबलावर मराठीच, असा नियम केलाय आणि तो बऱ्यापैकी पाळला जातो. आइसलँडिकच्या बाईंचीही तक्रार नाही. उलट त्यांनीच विचारलं की हिला ‘म्येर’ इतक्या सहज कसं जमतं. देवनागरी वाचन मात्र अजून कच्चं आहे, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. त्यावर आता काम चालू आहे. आजी तिला रोज एक ओळ पाठवते, बहुतेक वेळा स्वयंपाकाबद्दल.

गेल्या रविवारी गृहपाठ नव्हता, तरी फोन आला. "मावशी, मी आज वर्गात ‘पोटात कावळे ओरडतात’ सांगितलं." मग?

मग सगळे हसले, आणि बाईंनी सांगितलं की आइसलँडिकमध्ये यासाठी ‘गार्नागोइल’ असा शब्द आहे, आतड्यांचं केकाटणं. आणि तिकडे आपला कावळा नसतो, मोठा काळा डोमकावळा असतो. त्यावर तिच्या शेजारच्या मुलाला एकच काळजी पडली होती, एवढा मोठा पक्षी पोटात मावतो कसा? भाचीने त्याला सांगितलं, आमचे लहान असतात.